परक्याचे मूल आणि ख्रिस्ती घर : 'स्मृतिचित्रे'चे एक पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाले. आपल्या मंडळीत हा ग्रंथ प्रायः धर्मांतराची साक्ष म्हणून वाचला जातो, तर साहित्याचे अभ्यासक त्याच्या अकृत्रिम भाषेचे कौतुक करतात. दोन्ही वाचने यथायोग्य आहेत. तथापि या ग्रंथात तिसरे एक सूत्र आहे व त्याकडे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते. ते सूत्र म्हणजे परक्याच्या मुलाचे ख्रिस्ती घरात झालेले संगोपन.

१९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलास 'बालकवी' ही उपाधी मिळाली. मुलगा धरणगावचा, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपुराप्रमाणेच तापीच्या खोऱ्यातला. शिक्षण अपुरे, वृत्ती विलक्षण हळवी. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी पुढे त्यांना अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे आपल्या घरी आणले. ते काही काळ त्या कुटुंबात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात कवीची थोरवी कमी आणि घरातील वाढत्या मुलाचे रुसवेफुगवे अधिक आहेत. हे चित्र आईच्या नजरेतून उतरले आहे, हे कोणाही वाचकाच्या ध्यानात येईल.

येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. ठोंबरे टिळकांच्या घरी ठोंबरेच राहिले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि म्हणून त्या घराची माया आटली, असेही झाले नाही. याचे कारण आम्ही लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या जीवनात शोधतो. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर या बाईंनी काही वर्षे पतिवियोग सोसला आणि १९०० साली आपल्या निर्णयाने त्या ख्रिस्ताकडे आल्या. श्रद्धेला वेळ द्यावा लागतो, हे ज्या स्त्रीने स्वतः अनुभवले, तिने दुसऱ्याच्या मुलालाही तो वेळ दिला, असा अर्थ आम्ही लावतो.

हा प्रश्न त्या काळी किती नाजूक होता, हे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या इतिहासावरून कळते. १८८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. प्रार्थनेचे दार उघडे ठेवणे आणि मुलाला आत ओढणे यांतील सीमारेषा आश्रय देणाऱ्याला स्पष्ट दिसत असली, तरी बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसतेच असे नाही.

आज ही सीमारेषा कायद्यानेही आखली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बाल कल्याण समिती एखाद्या मुलास प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवू शकते. शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी त्या कुटुंबाची असते. जन्मदाते पालक मुलास भेटू शकतात, आणि ते सांभाळण्यास समर्थ झाल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा व घटस्फोटित व्यक्तींनाही ही वाट मोकळी केली आहे. त्याचबरोबर मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात प्रलोभनाने अल्पवयीनाचे धर्मांतर केल्यास दोन ते दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. राजपुऱ्यातील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने निराधार किशोराला घरी आणावयाचे ठरविल्यास या दोन्ही कायद्यांची जाणीव ठेवूनच त्याला दार उघडावे लागेल.

यावर आपल्यातील काही बंधू विचारतील : मूल ख्रिस्ती घरात आणावयाचे आणि त्यास ख्रिस्त द्यावयाचा नाही, तर मग ही साक्ष कसली? आमच्या मते हा प्रश्न पौलाच्या 'दत्तकपणा'च्या उपमेतून उद्भवतो. दत्तकात नाव, कुळ व वारसा बदलतो. देव आणि मनुष्य यांच्या नात्यास ती उपमा शोभते, परंतु प्रतिपालन हे दत्तक नव्हे. त्याचा शास्त्राधार अन्यत्र आहे. फारोच्या कन्येने मोशेला वाढविले, त्याच्या जन्मदात्रीलाच वेतन देऊन दूध पाजावयास लावले, आणि मोशे इब्रीच राहिला. शिवाय मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्याच्या रूपाने स्वतः प्रभूच दाराशी येतो. तेथे घरधनी ख्रिस्त देणारा नसून त्याचे स्वागत करणारा आहे. भयापोटी गप्प राहणे वेगळे आणि आदरापोटी वाट पाहणे वेगळे. आपणांस दुसरे साधावयाचे आहे.

'स्मृतिचित्रे'च्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे कथन आश्रय देणाऱ्या घराचे आहे. त्या घराविषयी मुलास काय वाटले, ते त्यात मुलाच्या तोंडून येत नाही. दुसरे असे की, प्रतिभावान मुलावर प्रेम करणे तुलनेने सोपे असते. खोटे बोलणारा, शाळा सोडून यंत्रमागावर जाणारा, माया केली तरी अंगावर येणारा किशोर या ग्रंथात भेटत नाही. आणि तिसरे, टिळकांच्या औदार्याची झळ घरखर्चाला लागे, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. ते हसू मात्र आपण वाचक फार लवकर विसरतो. पाहुणा आणणाऱ्याचे नाव होते, रांधणाऱ्या स्त्रीचे होत नाही. ज्या कुटुंबात या कामाला गृहिणीची मनापासून संमती नाही, त्या कुटुंबास धर्मगुरूने अशा सेवेचा आग्रह करू नये.

बुऱ्हाणपुराहून भुसावळमार्गे जळगावकडे जाताना भादली स्टेशन लागते. तेथे ५ मे १९१८ रोजी, अठ्ठाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ठोंबरे रेल्वे अपघातात मृत्यू पावले. लाभलेल्या मायेने त्यांचे पुढील आयुष्य सुरक्षित झाले नाही. प्रतिपालन करू इच्छिणाऱ्यांना हे आधीच सांगावे : फळाची हमी नाही, आणि मूल आपले होईलच असेही नाही. हे ऐकूनही जे कुटुंब तयार होईल, त्यास धर्मशिक्षकांनी 'स्मृतिचित्रे'तील ठोंबऱ्यांविषयीचा भाग वाचावयास द्यावा आणि मग त्यांच्यासोबत बाल कल्याण समितीकडे जावे, अशी आमची विनंती आहे.