पेटीची चावी कोणाकडे?

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला आमची शेती आहे. टेलला म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोचते तिथे. वर बारामतीच्या अंगाला आवर्तन सुरू झाले की आमच्याकडे आधी बातमी येते, पाणी मागाहून. म्हणून शेततळे केले, डाळिंबाला ठिबक केले, आणि व्हॉल्व्ह ठरल्या वेळी आपोआप उघडणारी-मिटणारी एक पेटी पंपघराच्या भिंतीवर बसवून घेतली. पेटीत सिमकार्ड होते, मोबाईलवर अ‍ॅप. तीन हंगाम ती उत्तम चालली. मग एका मार्च महिन्यात अ‍ॅप उघडेना. कंपनीत फोन केला. दोनदा उचलला गेला, पुढे तोही बंद झाला. कंपनीने आपला सर्व्हर बंद केला होता. शेततळ्यात पाणी होते, वीज होती, व्हॉल्व्ह शाबूत होते, पेटीवरचा हिरवा दिवाही लागत होता. फक्त डाळिंबाला पाणी मिळत नव्हते.

मी आयुष्यभर संगणक शिकवला आहे, त्यामुळे पेटी उघडून पाहण्याचा मोह आवरला नाही. आत तळहाताएवढा बोर्ड होता. त्याला केबल जोडून लॅपटॉपवर पाहिले तर पडद्यावर ओळखीच्या ओळी सरकू लागल्या. आत लिनक्स सुरू होत होते. जगातल्या कोणालाही वापरायला, उघडायला, बदलायला मोकळी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम माझ्या पंपघरात, मी पैसे मोजून घेतलेल्या पेटीत चालत होती. आणि शेवटच्या ओळीत मला पासवर्ड विचारत होती. तो माझ्याकडे नव्हता.

या लेखाचा विषय तिथून सुरू होतो. शेतीतल्या संगणकाविषयी आपल्याकडे सध्या बरेच लिहिले जाते. त्यात 'किती उत्पादन वाढले' हा प्रश्न असतो, 'किती पाणी वाचले' हाही असतो. पेटी बिघडली तर ती कोण उघडणार, हा प्रश्न मला फारसा दिसला नाही.

*

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल या परवान्याखाली आला. या परवान्याची अट सोपी आहे. तुम्ही हा प्रोग्राम कोणाला दिलात तर त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, मागणाऱ्याला द्यावा लागतो. त्याने तो वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. मराठीत आपण याला 'मुक्तस्रोत' म्हणतो आणि बोलताना सर्रास 'फुकट' म्हणतो. या दोन शब्दांमधल्या अंतरातच सगळी गोम आहे. फुकट मिळालेल्या वस्तूला कुलूप असू शकते. मुक्त वस्तूला नसावे, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा कशी मोडते याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. टिवो नावाच्या कंपनीची टीव्हीचे कार्यक्रम मुद्रित करणारी पेटी लिनक्सवर चालत असे. कंपनीने सोर्स दिला, पण बदललेला प्रोग्राम पेटी चालू देत नसे. परवान्यातले अक्षर पाळले आणि अर्थ गाळला. त्यावर उपाय म्हणून २००७ साली जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वापराच्या पेटीत बदललेला प्रोग्राम बसवण्यासाठी लागणारी माहितीही ग्राहकाला द्यावी, असे तिच्यात आहे. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

दुसरी पळवाट याहून मोठी आहे. प्रोग्राम पेटीत न ठेवता दूरच्या सर्व्हरवर ठेवला की तो 'कोणाला दिला' असे होतच नाही. मग सोर्स देण्याचे बंधनही उरत नाही. माझ्या पेटीचे नेमके हेच झाले होते. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे पेटी ठरवत नव्हती. ती फक्त सर्व्हरला विचारत होती. मला उद्या पासवर्ड मिळाला असता तरी आत जाऊन सापडले असते ते हुकमाची वाट पाहणारे एक रिकामे यंत्र. आमच्या भाषेत सांगायचे तर चारी माझ्या बांधावर होती, पण दार वरच्या गावात होते.

*

आता बारामतीकडे वळू. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प सुरू केला. २०२४ साली सुमारे एक हजार शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. २०२५च्या सुरुवातीला सत्या नाडेला यांनी त्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि बारामतीचा ऊस जगभर पोचला. शेतात हवामानकेंद्र, जमिनीत सेन्सर, वर उपग्रह; ही सगळी माहिती मायक्रोसॉफ्टच्या अझूर या सर्व्हरव्यवस्थेत जाते आणि सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत येतो. सल्ला मराठीत येतो ही लहान गोष्ट नाही. उत्पादनाच्या आकड्यांची चिकित्सा कृषिशास्त्रज्ञांनी करावी. माझे टिपण प्रकल्पाच्या रचनेवर आहे.

या रचनेचे मूळ मायक्रोसॉफ्टच्याच 'फार्मबीट्स' या संशोधनात आहे. त्याचा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला आमचेच पंपघर आठवत होते, कारण त्यातल्या अडचणी आमच्याच आहेत: शेतात इंटरनेट नीट नाही, वीज भरवशाची नाही, ढगाळ दिवसांत सौर पॅनेल कमी पडते. त्यावर संशोधकांनी काढलेला तोडगा असा. शेतातल्या केंद्रावर रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक बसवायचा आणि शेतघरात एक साधा संगणक ठेवून बरेचसे काम तिथेच करायचे. बाहेरचे इंटरनेट तुटले तरी शेतघरातला संगणक चालत राहील. सर्व्हरवर पाठवायचे ते फक्त निवडक.

हा तोडगा मला आजही मोलाचा वाटतो. पुढे मात्र भर हळूहळू सर्व्हरकडे सरकला. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने यातली काही साधने 'फार्मव्हाइब्स' या नावाने मुक्तस्रोत केली. लिनक्सच्या यंत्रावर ती कोणीही चालवू शकतो. पण त्यासाठी लागणारी स्मृती आणि साठवण रास्पबेरी पायच्या आवाक्याबाहेरची आहे, त्याला दणकट सर्व्हरच हवा. शेतकऱ्यापर्यंत येणारी सेवा त्या वाटेने येत नाही. ती भाड्याच्या सर्व्हरवरून येते. निबंधातला शेतघरातला संगणक बारामतीच्या कौतुकात कुठे दिसत नाही. बारामतीचा प्रकल्प वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या पूर्वजाकडे एक चांगली सवय होती आणि ती वाटेत सुटली, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. १९९८ साली वारणानगरला साखर कारखान्याच्या आधाराने ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती असे सगळे गावात मिळावे हा हेतू होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच भारतातल्या संशोधकांनी पाहिले तेव्हा केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदी, वजन आणि हिशेब यांसाठी वापरली जात होती, आणि संगणक सांभाळणे जड जात होते. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून पाहिले, काम भागले. या अभ्यासाचा अर्थ 'गावाला संगणक नको' असा लावला जातो. मला त्यातून दुसरे दिसते. ज्या यंत्राची दुरुस्ती गावात होत नाही, ते यंत्र गावात राहत नाही. मोबाईल टिकला, कारण तो दुरुस्त करणारी टपरी चौकात होती.

*

इथवर मी इतरांच्या पेट्या तपासल्या. आता माझी.

कंपनीची पेटी काढून मी तिथे रास्पबेरी पाय लावला. २०१२ साली हा बोर्ड ३५ डॉलरला बाजारात आला तो शाळकरी मुलांनी प्रोग्रामिंग शिकावे म्हणून. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन या लिनक्सवर बेतलेली आहे. व्हॉल्व्हचे वेळापत्रक मी त्यातच लिहिले, सर्व्हर ठेवलाच नाही. जमिनीतल्या ओलीची नोंद साध्या फाइलमध्ये होई. पहिल्या पावसाळ्यात कार्ड खराब झाले. वीज अचानक जाते तेव्हा कार्डावर लिहिणे अर्धवट राहते आणि हळूहळू सगळी व्यवस्था कोलमडते. मग मूळ व्यवस्था फक्त वाचता येईल अशी केली, नोंदी स्मृतीत ठेवून दिवसातून एकदा उतरवू लागलो. या दुरुस्त्या मला जमल्या कारण काहीच कुलूपबंद नव्हते. मी खूश होतो. गावात दोनचार जणांना 'बघा, आपली पेटी' म्हणून दाखवलीही.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आईला घेऊन पुण्याला दवाखान्यात होतो. शेतीपंपाला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती. रात्री दहाला वीज गेली, दोनला आली. माझ्याकडचा बोर्ड जुन्या पिढीचा. वीज नसताना चालत राहणारे घड्याळ त्यात नसते. तो वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि त्या रात्री मोबाईलचा टॉवरही बंद होता. त्यामुळे वीज आल्यावर त्याच्या मते रात्रीचे दहाच वाजले होते. स्टार्टरला ऑटो लावलेला, म्हणून मोटर दोनला आपली आपण सुरू झाली. दोनला उघडायचा व्हॉल्व्ह मात्र, बोर्डाच्या हिशेबाने, अजून चार तास लांब होता. सगळे व्हॉल्व्ह बंद आणि मोटर चालू. मेन लाइनचा सांधा फुटला आणि सहापर्यंत शेततळ्यातले पाणी ओढ्याला गेले. आवर्तनाला दोन आठवडे होते.

शेजारचे तात्या आवाज ऐकून साडेतीनला पंपघरात आले होते. स्टार्टरही मी त्या पेटीमागे कुलपात घेतला होता. त्यांनी मला फोन केला. दवाखान्यात तो बंद होता. सकाळी बोलणे झाले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, कंपनीची पेटी बंद पडली तेव्हा तुम्ही तिच्यापुढे असेच उभे होता ना? काल मी उभा होतो."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. परवाना मुक्त होता, सोर्स मोकळा होता, आणि पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात होता. तात्यांच्या बाजूने पाहिले तर कंपनीच्या पेटीत आणि माझ्या पेटीत फरक नव्हता. मुक्तस्रोताचे आम्ही भक्त परवान्याबद्दल तासभर बोलतो आणि दुसऱ्याला समजेल असे एक पान लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टवर टीका करण्याआधी हे कबूल केले पाहिजे.

*

मग कसोटी कोणती? ती माझ्या मते तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत उभी आहे: मोटर वायंडिंगचे दुकान. पाण्याची मोटर आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी नव्हती, आणि ती इथे शोधलीही गेली नाही. पण आज मोटर जळाली की माणूस कंपनीला फोन करत नाही. ती खोलून दुकानात नेतो, तांब्याची तार नव्याने भरून घेतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी बसवतो. कोणत्याही कंपनीची मोटर कोणत्याही दुकानात भरली जाते. वायंडिंगवाल्याने परवाना वाचलेला नसतो. त्याला मोटर खोलता येते, सुटा माल मिळतो, आणि त्याने हे काम दुसऱ्याच्या हाताखाली शिकलेले असते. या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे यंत्र मुक्त आहे.

ही कसोटी लावली तर शेतातल्या पेटीकडून मागायच्या गोष्टी स्पष्ट होतात. सर्व्हर बंद पडला तरी पाणी देण्याचे काम पेटीने स्वतः केले पाहिजे. सल्ला दुरून यावा, हुकूम नको. शेताची नोंद शेतकऱ्याला साध्या फाइलमध्ये, न मागता मिळावी. पेटीचा पासवर्ड बंद पाकिटात मालकाकडे असावा. पेटी बाजूला सारून हाताने व्हॉल्व्ह फिरवता यावा. आणि बिघाडाचे पान मराठीत असावे. यातले काहीच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आड येत नाही.

सर्व्हर गावोगाव बसवावेत असे मात्र मी म्हणणार नाही. सर्व्हरला सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित लागतात. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि जुनीला कधीतरी सोडावे लागते. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. पण बारामतीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोन्ही तालुक्यांत आयटीआय आणि सहकारी साखर कारखाने आहेत. उसाचे वजन, नोंदी आणि देणी इतकी वर्षे सांभाळणाऱ्या संस्थांना सभासदांच्या ओलीच्या नोंदी सांभाळणारा एक सर्व्हर अवघड नसावा. लिनक्स शिकायचे तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत. कारखान्याच्या वार्षिक सभेत काट्याविषयी प्रश्न विचारता येतो. दूरच्या सर्व्हरला तो विचारता येत नाही. राज्याने २०२५मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. पेट्या आता हजारांनी येतील. अटी घालायच्या तर त्या खरेदीच्या आधी घालाव्या लागतात.

माझ्या पंपघरात आता बोर्डाला नाणे-बॅटरीवर चालणारे छोटे घड्याळ जोडले आहे. ते दोन-अडीचशे रुपयांत मिळाले. स्टार्टर कुलपाबाहेर आहे, आणि एखादा व्हॉल्व्ह उघडा असल्याखेरीज मोटर सुरू होत नाही. खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर पासवर्ड आहे, दुसऱ्यावर 'दिवा लागत नसेल तर' पासून सात पायऱ्या, आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात तयार केलेले दुसरे कार्ड. गेल्या पावसाळ्यात मी गावाला नसताना पेटी पुन्हा बंद पडली. तात्यांनी वही वाचून कार्ड बदलले आणि पेटी सुरू केली. मला ते चार दिवसांनी, वहीत त्यांच्या अक्षरातली तारीख पाहून कळले. तारखेखाली त्यांनी लिहिले होते: पायरी पाच चुकीची आहे, आधी वायर काढावी लागते.