पंधरा दिवसांचे प्रेषित

परदेशी सेवाकार्य करून आलेल्या मंडळींचे लेख आता आपल्या धर्मग्रामांच्या पत्रिकांतून आणि नियतकालिकांतून नेमाने येऊ लागले आहेत. कोणी नेपाळात जाऊन येतो, कोणी पूर्व आफ्रिकेत. दहा-बारा जणांचा गट, सोबत एखादे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी, पंधरा दिवसांचा मुक्काम. परत आल्यावर रविवारच्या मिस्सानंतर चार शब्द आणि मागाहून लेख. तरुण मंडळी ह्यास 'मिशन ट्रिप' म्हणतात; आम्ही येथे सेवाफेरी म्हणू. ह्या लेखांची कोणी समीक्षा करीत नाही. ज्या हेतूने माणसे गेली तो हेतू चांगला असतो, आणि चांगल्या हेतूकडे चिकित्सेने पाहणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. परंतु लेख छापला की तो वाचकाच्या हाती गेला. मग त्याला साहित्याचे नियम लागू होतात आणि त्यांतून सुटका हेतूच्या चांगुलपणामुळे होत नाही.

असे लेख निवडण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे आहे. त्यांची घडण आता आम्हांस पाठ झाली आहे. आरंभी विमानतळावरची पहाट आणि सामानाचे वजन. मग खडतर रस्ता, गरिबीचे पहिले दर्शन आणि डोळ्यांत आलेले पाणी. मग मुले, मुलांचे हास्य तर प्रत्येक लेखात असतेच. मग रंगवलेली भिंत, वाटलेल्या वह्या, तपासलेले रुग्ण, त्यांचे आकडे. शेवटच्या रात्री गाणी, निरोपाच्या वेळी मिठ्या आणि समारोपाला ते एक वाक्य: आम्ही जे दिले त्यापेक्षा आम्हांला मिळालेच अधिक.

हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. काय मिळाले ते लेखक कधीच सांगत नाही. दिलेल्या वस्तूंची यादी अचूक असते. मिळालेल्याची यादी मात्र 'प्रेम', 'समाधान', 'साधेपणा' अशा मोघम शब्दांत आटोपते. एखाद्याने आपल्याला खरोखरच काही दिले असेल, तर त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, तो काय म्हणाला हे आठवते, निदान त्याच्या बोलण्यातला एखादा शब्द तरी जिभेवर राहतो. ह्या लेखांत तसे काही नसते. ज्यांच्या गावी आपण पंधरा दिवस राहिलो ती माणसे लेखभर हसतात, रडतात, हात हलवतात. बोलत मात्र नाहीत. ह्या अंकासाठी आलेल्या एका लेखात गटासाठी रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा उल्लेख आहे. 'स्वयंपाकीणबाई फार प्रेमळ होत्या.' बारा पानांत त्यांच्या वाट्याला आलेले हे एकच वाक्य. पंधरा दिवस, दोन वेळ, त्यांच्या हातचे खाल्ले गेले.

ह्यात लेखनकौशल्याची उणीव थोडी आणि भाषेची उणीव फार आहे. जिची भाषा आपल्याला येत नाही ती व्यक्ती आपल्या लेखात बोलणार कशी? मुक्या पात्रांचे नाटक लिहिणे थोर नाटककारासही कठीण जाईल.

हा आक्षेप कोणी बाहेरच्या निंदकाने प्रथम घेतलेला नाही. १९६८ च्या एप्रिल महिन्यात मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांची सभा भरली होती. ही बहुतेक कॅथलिक मुले उन्हाळ्याच्या सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी जात. सभेत बोलण्यासाठी त्यांनी इव्हान इलिच ह्यांना बोलावले. इलिच तेव्हा धर्मगुरू होते, आणि लॅटिन अमेरिकेत येणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश भाषा शिकवणारे केंद्र त्याच गावात चालवीत होते. त्यांच्या भाषणाचे शीर्षक इतके जहाल आहे की कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या ह्या त्रैमासिकात ते छापणे शोभणार नाही. चांगल्या हेतूंना त्यांनी कोठे धाडले हे वाचकांनी ओळखावे. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा: तुम्ही ज्यांची सेवा करायला येता त्यांच्याशी तुम्हांला बोलता येत नाही, तुमचे संभाषण होते ते तुमच्यासारख्याच सुस्थितीतल्या लोकांशी. सेवाच करायची असेल तर आपल्या देशातल्या गरिबांत करा. तेथे निदान लोक तुम्हांला 'चालते व्हा' म्हणाले तर ते तुम्हांला कळेल. मेक्सिको बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. मदत करायला मात्र येऊ नका.

इलिच ह्यांचे सगळे म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्यांच्या युक्तिवादात एक प्रकारचा अहंकार आहे. गरिबाने स्वयंसेवकाकडून एखादी वही आनंदाने घेतली असेल ही शक्यता ते विचारातच घेत नाहीत. शिवाय अशा एखाद्या फेरीत एखाद्या मुलीच्या मनात आयुष्यभराच्या सेवेचे बीज पडते, हेही आम्ही पाहिले आहे. परंतु 'चालते व्हा हे कळले पाहिजे' ही त्यांची कसोटी लेखनाला लावून पाहावी. ज्या लेखात यजमान पाहुण्याला नकार देऊ शकत नाही, त्या लेखातल्या त्याच्या होकाराला किती किंमत?

आपल्या परंपरेला ही अडचण नवी नाही, आणि ती थोरांनाही चुकलेली नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले आणि १५५१ च्या अखेरीस परतले; तेथील वास्तव्य सव्वादोन वर्षांचे. सोबत आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. मलाक्का येथे त्याची गाठ पडली होती आणि गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या सल्ल्याने परमेश्वरासाठी 'दाइनिची' हा शब्द वापरला जाऊ लागला. बौद्ध भिक्षूंनी ह्या पाहुण्यांचे आनंदाने स्वागत केले, कारण दाइनिची हे त्यांच्या शिंगोन पंथातील महाबुद्धाचे नाव होते. घोटाळा लक्षात आल्यावर झेवियरांनी तो शब्द टाकला आणि 'देउस' हा लॅटिन शब्दच वापरण्यास सुरुवात केली. आम्हांस ही कथा फार मोलाची वाटते. मिळालेले हास्य आणि स्वागत म्हणजे समजूत नव्हे, हे एका संताला भर रस्त्यात कळले आणि त्याने आपला शब्द मागे घेतला. आजच्या कोणत्या सेवाफेरीच्या लेखात असा मागे घेतलेला शब्द आहे?

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची वाट निराळी होती. ते १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' राशोल येथे १६१६ साली छापले गेले. मधली सदतीस वर्षे ते येथेच होते. त्यांच्याविषयी मराठी वाचकास आम्ही अधिक सांगण्याची गरज नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. परदेशी गेलेल्या गटाची आपल्या घरातील गोष्ट आहे ती वसईच्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांची. १५९३ साली मनिलाहून चार फ्रान्सिस्कन बंधूंचा एक गट जपानला गेला. फिलिपिन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे अशी जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याची मागणी होती. त्याच्याशी बोलणी करण्यासाठी गव्हर्नरने ह्या गटास वकिलात म्हणून पाठवले होते. प्रमुख होते पेद्रो बाउतिस्ता. ते विद्वान होते, परंतु हिदेयोशीसमोर त्यांना जपानी बोलता येत नव्हते. त्यांच्या वतीने बोलला तो वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्या मातीतल्या आईचा मुलगा. ही भाषा त्यास पंधरा दिवसांत आली नव्हती. पंधराव्या वर्षाच्या सुमारास येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर तो जपानला गेला, सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून तेथे हिंडला, येशूसंघात प्रवेश मिळाला नाही म्हणून व्यापारी झाला, आणि मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. गटाला मुक्कामाची परवानगी मिळाली. क्योतो येथे मठ उभा राहिला, महारोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. पुढे १५९६ च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, संशय वाढला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्या सव्विसांत वीस जपानी होते.

ही कथा आपण मराठीत कशी सांगतो, हे आमच्या समीक्षेचे दुसरे टोक आहे. स्मरणिका, सणाच्या पुस्तिका, शाळांच्या नाटिका पाहाव्यात. वसईचा किल्ला एका परिच्छेदात, जपानचा प्रवास एका वाक्यात, आणि मग कापलेला कान, हिवाळ्यातली नागासाकीपर्यंतची पायपीट, क्रूस, भाले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी दिलेली संतपदवी सर्वांत ठळक अक्षरांत. आठ वर्षे एक वसईकर मुलगा जपानी माणसांच्या तोंडाकडे पाहत शब्द शिकत होता, चुकत होता, हसू करून घेत होता, ह्या भागाला आपल्या लेखनात जागा नाही. रक्त वर्णन करायला सोपे. व्याकरण वर्णन करायला अवघड. सोबतच्या वीस जपान्यांची नावे आपल्या पुस्तिकांतून सहसा सापडत नाहीत, मग ते काय बोलले हे तर दूरच. म्हणजे ज्या संताचे कामच दुसऱ्याचे बोलणे ऐकून पोहोचवण्याचे होते, त्याच्या चरित्रातही आपण इतरांना मुकेच ठेवले. सेवाफेरीच्या लेखकांनी हा धडा आपल्याकडूनच गिरवला आहे. एकट्या तरुणांना दोष देऊन चालणार नाही.

आम्हांस तर मुळीच देता येणार नाही, आणि येथे निजामपुऱ्याची गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

भिवंडी वसईपासून परदेशाइतकी दूर नाही. वसई-दिवा मार्गावरील गाडीने जाता येते, किंवा चिंचोटी, कामण, अंजूर फाटा अशा रस्त्याने. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कामवारी नदीचे पाणी शहरात शिरले. यंत्रमाग पाण्यात गेले. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही काही जण दोन टेम्पो भरून निजामपुऱ्यात गेलो. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या आणि चादरी. ज्या शहराचे निम्मे आयुष्य मागांच्या खडखडाटात जाते त्या शहरात आम्ही कापड वाटायला गेलो होतो, ह्यातली गंमत त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. माग बंद होते. ती शांतता आम्ही आमच्या लेखात 'भीषण' म्हणून नोंदवली.

होय, आम्हीही लेख लिहिला होता. परवा तो काढून वाचला. पहाट आहे, चिखलाचा रस्ता आहे, मुलांचे हास्य आहे, पाकिटांचा आकडा आहे. आणि हे वाक्य आहे: 'भाषेची अडचण होती; परंतु हास्याची भाषा सर्वांनाच समजते.'

भाषेची अडचण नव्हती. भिवंडीत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले कामगार आहेत, आणि त्यांच्याशी आम्ही मोडक्या हिंदीत बोललो ते ठीक. परंतु तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारे कोकणी मुसलमानही आहेत, आणि त्यांची घरातली बोली ही मराठीचीच एक बोली आहे. एका जुन्या घराच्या उंबऱ्यावर एक वृद्धा बसली होती. तिने पाकीट घेतले, बाजूला ठेवले, आणि आम्ही कोठून आलो ते मराठीत विचारले. वसई म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. तिचे वडील वसईहून राजेळी केळ्यांची सुकेळी आणीत असत. ती अजून कोणी करते का, असे तिने विचारले. बोली कानाला निराळी, पण शब्द न् शब्द समजत होता. आम्ही 'हाँ, हाँ, माँजी' असे हिंदीत उत्तर देऊन पुढच्या घराकडे वळलो. यादीत बरीच घरे बाकी होती.

सुकेळ्यांचा हा प्रश्न आमच्या लेखात नाही. आम्ही तो विसरलो होतो असे नव्हे. लिहिताना तो आठवत होता. परंतु पूरग्रस्त वृद्धेने केळ्यांविषयी बोलावे हे लेखाच्या सुरात बसत नव्हते, म्हणून गाळला. तिने रडायला हवे होते. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर आम्ही पात्राला त्याचे स्वतःचे वाक्य नाकारून आपल्या सोयीचे मौन दिले. झेवियरांना भाषा येत नव्हती म्हणून चूक झाली. आमची चूक भाषा येत असताना झाली. आणि इलिच ह्यांनी घरच्या गरिबांत जा असे सांगितले तेव्हा, घरच्या गरिबांशीही परक्या भाषेत बोलणारी माणसे निघतील, हे त्यांच्या हिशेबात नसावे.

त्यानंतर आम्ही निजामपुऱ्यात सुकेळी घेऊन गेलो, असे काही येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. गेलो नाही. त्या बाईंचे नावही आम्ही विचारले नव्हते.

ह्या अंकासाठी आलेला तो बारा पानांचा लेख आम्ही लेखिकेकडे परत पाठवला आहे. नाकारलेला नाही. समासात तीन प्रश्न लिहिले आहेत: स्वयंपाकीणबाईंचे नाव काय, त्या काय बोलत असत, आणि तुम्हांला न समजलेले, पण कानात राहिलेले त्यांचे शब्द कोणते. लेखिका तरुण आहे, प्रामाणिक आहे, तिला आठवेल असे वाटते. उत्तर आले की लेख पुढील अंकात छापू.