विंगेतल्या बाई

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरात स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांची तर या दिवसांत दुहेरी धावपळ असते. आज शाळेचे संमेलन, चार दिवसांनी चर्चच्या आवारातील नाताळचा कार्यक्रम. दोन्ही ठिकाणी बालवाडीच्या मुलांचा एखादा नाच किंवा नाट्यप्रवेश ठेवलेला असतोच. मोठ्यांच्या नाटकाचे परीक्षण होते, कवितेचे होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या या कार्यक्रमाचे मात्र कोणी करीत नाही. 'किती गोड!' एवढ्या दोन शब्दांत तो विषय संपतो. तो तेथे संपू नये, असे आम्हांला वाटते.

एका संमेलनातील दृश्य आमच्या डोळ्यांसमोरून अद्याप हलत नाही. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हे चित्र थोड्याफार फरकाने सर्वत्र दिसते. रात्रीचे पावणेनऊ झालेले. भाड्याने आणलेल्या चकचकीत पोशाखांत वीस मुले रांगेत उभी. ध्वनिमुद्रित चित्रपटगीत सुरू झाले आणि विसांच्या विसांनी माना डावीकडे वळवल्या. प्रेक्षकांकडे एकही मूल पाहीना. डाव्या विंगेत त्यांच्या बाई उभ्या होत्या व घामाघूम होऊन प्रत्येक हालचाल करून दाखवीत होत्या. त्या हात वर करीत, की अर्ध्या क्षणाने वीस हात वर होत. दुसऱ्या रांगेतील एक मुलगी मधेच थांबली, ओठ काढून रडू लागली. सभागृहात हशा पिकला. तिच्या आईने मोबाइल खाली ठेवला आणि मान घातली. त्या हशात आम्हीही सामील होतो, हे कबूल केले पाहिजे. घरी परतताना मात्र आम्हांला प्रश्न पडला, की आपण नेमके कोणाचे काम पाहिले? मुलांचे म्हणावे, तर त्यांतील एकही हालचाल त्यांची नव्हती. बाईंचे म्हणावे, तर बाई पडद्याआड होत्या.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. मुलांना नाचता येत नाही, पोशाख खर्चिक असतात, गाणी वयाला शोभत नाहीत, या तक्रारी खऱ्या असल्या तरी दुय्यम आहेत. चार वर्षांच्या मुलाला अभिनय शिकवावा लागत नाही; तो दिवसभर तेच करीत असतो. काठीचा घोडा, आईच्या ओढणीची साडी, रिकाम्या वाट्यांतला स्वयंपाक हे सगळे नाट्यच. त्याला अजून कळत नाही ते प्रेक्षक नावाचे प्रकरण. समोरच्या अंधारात चारशे माणसे बसली आहेत आणि आपण त्यांच्यासाठी काही करावयाचे आहे, ही कल्पना त्या वयाला परकी असते. आपण नेमकी तीच त्याच्यावर लादतो आणि जे त्याच्याजवळ आहे ते महिनाभराच्या तालमीत पुसून टाकतो. इंग्लंडमधील पीटर स्लेड यांनी १९५४ साली 'चाइल्ड ड्रामा' या ग्रंथात लहानग्यांना उंच रंगमंचावर चढविण्यास विरोध केला होता. मोकळ्या जमिनीवर मुलांचा खेळच नाट्यरूप घेतो, असा त्यांचा अनुभव होता.

परंतु इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी एकमेकांना लागून दोन वास्तू उभारल्या. १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान आणि १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजे पुढे ज्याला केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव मिळाले ते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा अवघ्या शहराने हळहळ केली. या दोन वास्तू म्हणजे पाहण्याच्या दोन रीती होत. नाट्यगृहात पाहणारे एका बाजूला आणि करणारे दुसऱ्या बाजूला. खासबागेत मधोमध माती आणि सभोवार माणसे. बालवाडीच्या मुलांना आपण नाट्यगृहाच्या रीतीने उभे करतो. त्यांची रीत खासबागेची आहे. हादग्याचा फेर, झिम्मा, फुगडी हे आपल्या भागातील खेळही रिंगणाचेच. रिंगणात विंग नसते, म्हणून बाईंना लपता येत नाही. त्यांना आत यावे लागते.

बाई आत आल्या की काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. शहरातीलच एका लहानशा बालवाडीत, सकाळी दहा वाजता, सतरंजीवर. बाईंनी पदर डोक्यावर घेतला, कंबर वाकवली आणि त्या लेकीकडे निघालेली म्हातारी झाल्या. भोपळ्याची ती गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक आहे. सारी मुले वाघ झाली. एकच वाघ निवडला असता तर उरलेली रडली असती. एक मुलगा वाघ न होता झाड झाला व शेवटपर्यंत झाडच राहिला. बाई त्याला वळसा घालून गेल्या. पाऊस हवा होता, तेव्हा मुलांनी तळहातावर आधी एका बोटाने, मग दोन, मग चार बोटांनी टिचक्या मारल्या आणि खोलीत खरोखर सर आली. पुढे एक जुने धोतर दोरीवर टाकून मागे दिवा लावला. हातांच्या सावल्यांचे ससे आणि पक्षी झाले. पालक भिंतीकडेने बसले होते. त्यांनाही टिचक्या माराव्या लागल्या. सगळे मिळून बारा-पंधरा मिनिटे चालले. खर्च शून्य.

यात नवे काहीच नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने आणि १९४५ पासून बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षणाची जी वाट घातली, तिच्यात गोष्ट, गाणे आणि खेळ यांना प्रथम स्थान होते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातलाच. खुद्द कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले व मुलाच्या अनुभवातून आनंदाने शिकण्याचा आग्रह धरला. आणि मोठ्या रंगमंचाचा थाट मुलांना दाखवावयाचाच असेल, तर त्याचाही योग्य मार्ग मराठीत आहे. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' मुलांसाठी रंगभूमीवर आणले. मुलांना खुर्चीत बसवून आपण त्यांच्यासाठी कष्ट घ्यावेत, ही त्यामागची वृत्ती. आपल्या शाळांतील कितीतरी शिक्षिकांच्या अंगी उत्तम अभिनय असतो. वर्षातून एकदा त्यांनी मुलांसाठी नाटक करावे आणि मुलांनी पाहावे, असे संमेलन आमच्या पाहण्यात क्वचितच आले.

पालकांची बाजू आम्हांला ठाऊक आहे. आपले मूल झगमगाटात पाहण्याची हौस ही काही वाईट हौस नव्हे, आणि एखादे लाजरे मूल रंगमंचावर खरोखर खुलतेही. पण या हौशीचा भार कोणावर पडतो? तुटपुंज्या वेतनावरील बालवाडीच्या बाईंवर. महिनाभर त्या मुलांना रांगेत उभ्या करतात; कार्यक्रम फसला की दोष त्यांचा, जमला की कौतुक नृत्य बसविणाऱ्याचे.

नाताळच्या प्रवेशाविषयी थोडेसे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभा केला, त्याला या प्रथेत मानाचे स्थान आहे. तेथे गवताने भरलेली गव्हाणी, खरा बैल आणि खरे गाढव होते. लोक मेणबत्त्या व दिवट्या घेऊन भोवती जमले. पाठ केलेले संवाद नव्हते. आपल्याकडे मात्र मरिया कोणी व्हावे, यावरून आयांमध्ये अबोला धरला जातो आणि मागच्या बाकावरची मुले वर्षानुवर्षे मेंढरे होतात. बालवाडीची सगळीच मुले मेंढरे झाली आणि फादर किंवा सिस्टर मेंढपाळ म्हणून त्यांच्यात रांगत आल्या, तर काय बिघडेल? मेंढरे चुकत नाहीत. मध्येच रडले तरी ते मेंढरूच.

त्या संमेलनानंतर दोन दिवसांनी आम्ही काही कामानिमित्त त्याच शाळेच्या आवारात गेलो होतो. मधली सुट्टी होती. आंब्याखाली बालवाडीच्या सात-आठ मुली 'गॅदरिंग' खेळत होत्या. पाचजणी रांगेत उभ्या राहून नाचत होत्या, त्यांच्याकडे आमचे फारसे लक्ष गेले नाही. रांगेपासून चार पावलांवर, खोडाआड अर्धी लपून, परवा रडलेली तीच मुलगी उभी होती. कपाळाला आठ्या, एक हात कमरेवर, दुसरा हवेत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मधूनच ती कपाळावरचा नसलेला घाम पुसत होती.