पडदा केवढा, पाहणारे किती

इंदापूर तालुक्यात जत्रा-उरुसांचा हंगाम आला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात एक ट्रक येऊन थांबे. ट्रकवर प्रोजेक्टर, पत्र्याच्या पेट्यांत चित्रपटाची रिळे आणि तंबूचे बांबू व कनाती. दिवस मावळेपर्यंत तंबू उभा राही. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुले अगदी पुढे मातीत. जागा न मिळालेले पडद्यामागे जाऊन बसत. त्यांना पडद्यावरील अक्षरे उलटी दिसत. परंतु रडण्याच्या जागी तेही रडत. आमच्या भागातील भव्य पडदा म्हणावयाचा तो हाच. त्याची लांबी-रुंदी कोणी मोजली नाही. गावातील सर्वांत उंच घराहून तो उंच वाटे, एवढेच आठवते.

आज आमच्यापुढे दोन टोके आहेत. एकीकडे पुण्याच्या मॉलमधील आयमॅक्स, बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूरपासून त्याहूनही दूर. दुसरीकडे घरच्या भिंतीवरील दूरचित्रवाणी संच. पाच माणसांच्या कुटुंबाने तिकिटे, प्रवास आणि खाणे यांवर एवढा खर्च का करावा, तोच चित्रपट काही महिन्यांनी घरी येणार नाही काय, असा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. प्रश्न पैशाचा आहे, हे खरे; परंतु तो केवळ पैशाचा नाही.

मुळात हे भांडण जुने आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणी घरात शिरली आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा चित्रपट-व्यवसायाने पडदा रुंद केला. १९५३ साली सिनेमास्कोप पद्धतीचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला, तो ‘द रोब’. प्रभू येशूच्या अंगरख्याभोवती गुंफलेली कथा. भारतात १९५९ साली गुरुदत्त यांनी ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर झळकला. म्हणजे भव्य पडदा कलेच्या ओढीने जन्मला तसा धंद्याच्या धास्तीनेही जन्मला. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्यापुढे उगाच नतमस्तक होण्याचे कारण उरत नाही.

तथापि पडद्याचे सामर्थ्य नाकारता येत नाही. १९१० च्या सुमारास मुंबईत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. ख्रिस्ताची चित्रे डोळ्यांपुढून सरकत असता त्यांच्या मनात राम-कृष्णांची चित्रे उभी राहू लागली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. तो पडदा आजच्या मानाने किती लहान असेल! परंतु अंधारात, अनोळखी माणसांच्या गर्दीत एक मनुष्य त्यापुढे पूर्ण स्वाधीन झाला होता. सामर्थ्य त्या स्वाधीन होण्यात होते.

२०२३ साली मुलांच्या आग्रहाखातर आम्ही पुण्यास जाऊन ‘ओपेनहायमर’ आयमॅक्सवर पाहिला. या पद्धतीच्या मूळ फिल्मची एक चौकट नेहमीच्या ३५ मिलिमीटर चौकटीच्या कितीतरी पट मोठी असते आणि फिल्म यंत्रातून आडवी धावते. या चित्रपटाच्या अशा एका प्रतीची लांबी सुमारे १८ किलोमीटर भरली होती. आपल्याकडे मात्र त्याचे डिजिटल रूपच दाखविले गेले. तरीही माणसाचा चेहरा एवढा मोठा झाला की त्याच्या डोळ्यांखालील सुरकुती एखाद्या ओढ्यासारखी दिसली. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी भव्य पडद्याचा उपयोग देखाव्यांपेक्षा चेहऱ्यांसाठी अधिक केला, ही त्यातील विशेष गोष्ट. मग अणुस्फोटाची ती चाचणी आली. ओपेनहायमर यांनी तिला ‘ट्रिनिटी’ म्हणजे त्रैक्य हे नाव द्यावे, हा केवढा विरोधाभास! पडदाभर आग, आणि आवाज मात्र नाही. ऐकू येतो तो केवळ श्वास. शेकडो प्रेक्षक त्या श्वासाबरोबर श्वास रोखून बसले होते. काही काळाने स्फोटाचा आवाज आला, तेव्हा खुर्ची हादरली. परंतु घरी परतताना गाडीत बोलणे झाले ते त्या हादऱ्याचे नव्हे, शांततेचे.

अशी शांतता मी पूर्वी एकदाच अनुभवली होती, आणि तीही बारामतीच्या एका साध्या चित्रपटगृहात. चित्रपट होता नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’, २०१६ सालचा. उजनीच्या पाण्याच्या पलीकडील करमाळा तालुक्याचा तो मुलूख; प्रेक्षकांना त्यातील रान, विहिरी आणि बोली घरचीच. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे वाद्यवृंदाचे संगीत, शेतांतून धावणारी मुले आणि थिएटरमध्ये शिट्ट्यांचा पाऊस. उत्तरार्धात हैदराबादेतील कोंदट खोली आणि दोन जिवांचा कष्टाचा संसार. शेवटी ते लहान मूल घरात येते, आणि दिग्दर्शक सर्व आवाज काढून घेतो. पाऊण तासापूर्वी शिट्ट्या मारणारी पोरे दिवे लागल्यावरही जागची उठेनात. आपल्याच गावांतील जातीच्या अहंकाराचा न्यायनिवाडा आपल्याच माणसांच्या शेजारी बसून ऐकावा लागला, म्हणून ती शांतता एवढी जड होती.

पुढे तोच चित्रपट घरी दूरचित्रवाणीवर लागला. मध्ये जाहिराती आल्या. शेवटच्या प्रसंगी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पंख्याची घरघर ऐकू येत राहिली, आणि कोणाच्या तरी मोबाइलचा उजेड भिंतीवर पडला. शांततेला आवाज नसतो, त्यामुळे कितीही चांगला संच घेतला तरी ती विकत मिळत नाही. जमलेल्या माणसांनी ती आपली आपण निर्माण करावी लागते.

म्हणून घरचे पाहणे हलके ठरते काय? मुळीच नाही. माझी आई पुण्यास आली नाही. तिच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपला नसता. तिला ऐकूही कमी येते. घरी मात्र पडद्याखालील अक्षरे वाचत, हवे तेथे थांबवत ती चित्रपट सावकाश पाहते आणि आमच्याहून बारकाईने पाहते. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत कार्ल ड्रायर यांचा संत जोन ऑफ आर्क हिच्यावरील १९२८ चा मूकपट आहे. त्याची मूळ स्वरूपातील प्रत हरवली असे मानले जाई. ती १९८१ साली नॉर्वेतील एका मनोरुग्णालयात सापडली. हा चित्रपट इंदापूरच्या थिएटरात कधी लागेल? घरचा संच नसता तर जोनचा तो अश्रूंनी भिजलेला चेहरा आईने पाहिलाच नसता.

तेव्हा घरच्या पाहण्यालाही थोडी शिस्त लावावी. त्रेचाळीस इंची संच आठ फुटांवरून पाहिला तर त्याची रुंदी आपल्या दृष्टीचे जेमतेम बावीस अंश व्यापते. खुर्ची पाच फुटांवर ओढली की तीच सुमारे पस्तीस अंश होते. पडदा मोठा करण्याचा हा बिनखर्चाचा मार्ग. संचातील चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे सेकंदाला चोवीस चौकटींचा चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. दिवे मालवावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, जेवण आधी उरकावे. आणि शक्य तर शेजाऱ्यांना बोलवावे. गावात पहिला संच आला तेव्हा एका घरात अर्धी आळी बसत असे. तेही एक चित्रपटगृहच होते.

२०२० साली चित्रपटगृहे बंद झाली, मंदिरांची दारेही बंद झाली, आणि मिस्साबलिदानही आपण घरी पडद्यावर पाहिले. पुरोहितांचा शब्द स्पष्ट ऐकू येत होता, वेदी जवळून दिसत होती. उणीव होती ती बाकावर शेजारी बसणाऱ्याची. त्या दिवसांत आपल्याला जे उमगले, ते चित्रपटालाही लागू पडते, असे मला वाटते.

वर्षातून एखादा चित्रपट असा निवडावा की ज्यासाठी पुण्याचा प्रवास सार्थकी लागेल. परंतु आयमॅक्सचे तिकीट परवडत नाही म्हणून आपले मूल कलेला मुकले, असे कोणी मानू नये. जत्रेतील तंबूत पडद्यामागे बसून उलटी अक्षरे वाचणाऱ्यांनाही कथा सुलटच कळली होती. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला माणसे होती.