पोहरा नसलेला पाहुणा

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला की येशू आधी दमून बसलेला दिसतो. यहूदियातून गालीलाकडे निघालेला हा वाटसरू शोमरोनातल्या सूखार गावाबाहेर, याकोबाच्या विहिरीवर टेकला आहे. भर दुपार आहे. शिष्य खायला काही विकत आणायला गावात गेलेत. विहीर खोल, आणि याच्याजवळ पोहरा नाही. पुढचा सगळा संवाद या एका अडचणीतून सुरू होतो. पोहरा असता तर तो पाणी शेंदून प्याला असता आणि पुढच्या वाटेला लागला असता.

आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याला वैशाखातल्या दुपारी पोहोचलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. तुरीचा, काळ्या मातीचा हा सीमेवरचा मुलूख. इथली अमरजा पुढे गाणगापूरला भीमेला मिळते खरी, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर कोणी तहान ठेवत नाही. पाणी मागणे इथे लाजेचे नाही. कोणाकडे मागायचे, कोणाच्या भांड्यातून प्यायचे, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या पहारा होता. बीदरपासून कलबुर्गीपर्यंतच्या मेथडिस्ट मंडळ्यांत बहुतेक घराणी दलित वस्त्यांतून आलेली. विहिरीच्या काठावर उभे राहून कोणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघणे काय असते, हे त्यांच्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. म्हणून हा अध्याय त्यांनी वाचणे आणि मुंबईच्या एखाद्या सभागृहात बसून आपण वाचणे, यांत फरक पडतो.

यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, अशी टीप योहान स्वतःच मध्ये घालतो. या वाक्याचा रोख भांड्यांच्या विटाळाकडे आहे असे काही अभ्यासक मानतात; आपल्याकडच्या वाचकाला तो अभ्यासकांशिवायही कळतो. ज्याच्या समाजाने जिचे भांडे वर्ज्य केले, तो तिच्यापुढे ओंजळ धरतो. बाई त्या क्षणी विरघळत नाही, हे मला या प्रसंगातले सर्वात खरे वाटते. ती आधी टोमणा मारते. तुमच्यासारख्यांना आमचे पाणी कधीपासून चालायला लागले, असा तिचा सूर आहे. तो तिला वेगळ्याच पाण्याबद्दल सांगू लागतो, तेव्हा ती पोहऱ्यावर बोट ठेवते: हातात दोर नाही आणि बाता जिवंत पाण्याच्या. आमच्या याकोबापेक्षा तू मोठा लागून गेलास का, हेही विचारून घेते. शुभवर्तमानांत येशूशी इतके सडेतोड बोलणारी माणसे थोडी. आणि तो तिच्या बोलण्यावर रागावत नाही, तिचे प्रश्न तोडत नाही. पहिले ऐकणे त्याचे आहे. आपण येशूचे ऐकावे असे उपदेशक नेहमी सांगतात. इथे तो आधी एका बाईचे ऐकतो, आणि तेही उन्हात, उपाशीपोटी.

तिने त्याला दिलेली संबोधने एकापुढे एक ठेवली तर सगळी वाट दिसते. सुरुवातीला तो तिच्या लेखी फक्त एक यहूदी, म्हणजे परका. मग बोलण्यात ‘महाराज’ येते. पुढे ती त्याला संदेष्टा म्हणते. मग मसीहाचा विषय ती स्वतःच काढते. आणि शेवटी, तिच्या तोंडून नव्हे, गावाच्या तोंडून, जगाचा तारणारा. योहानाने ‘तिचा विश्वास वाढत गेला’ असे एक वाक्य लिहून मोकळे होणे पसंत केले नाही. तिने हाक कशी मारली तेवढे लिहिले. गोष्ट सांगण्याची ही काटकसर मराठी कथाकारांनीही हेवा करावा अशी आहे.

मधेच नवऱ्यांचा विषय निघतो. पाच झाले, आणि आता घरी असलेला नवरा नव्हे. प्रवचनांत या जागेवर हटकून एक पापिणी उभी केली जाते. दुपारी पाण्याला आली म्हणजे गावाने वाळीत टाकलेली असणार, असा निष्कर्षही काढला जातो. माझे या वाचनाशी जमत नाही. मूळ मजकुरात तिला फटकारणारा एक शब्द नाही, क्षमेचा उच्चारही नाही. त्या काळी सोडचिठ्ठी पुरुषाच्या हातात होती. पाच नवरे म्हणजे पाच मरणे किंवा पाच टाकणेही असू शकते. आणि वाळीत टाकलेल्या बाईच्या एका हाकेसरशी सगळे गाव वेशीबाहेर येत नसते. येशू तिच्या आयुष्याची ती बाजू उच्चारतो, आणि ती उच्चारूनही तिच्यासमोरून उठत नाही, एवढेच तिथे घडते. तिला पुरले ते तेवढेच.

हे तेवढेच पुरलेली आणखी एक बाई आपल्या ओळखीची आहे. पंडिता रमाबाई 1858 साली गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात, जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळे कुटुंब पुराणिकाचे. देवळाच्या ओवरीत पोथी लावायची आणि श्रोते देतील त्यावर गुजराण करायची. ऐकवण्याचा धंदा ज्या घरात होता त्या घरातली ही मुलगी. दुष्काळात आईवडील गेले, पुढे सिलचरला 1882 मध्ये नवरा बिपिनबिहारी मेधवी कॉलऱ्याने गेला. सिलचरच्या त्या घरातच लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या, त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनच्या फुलम भागात त्या भगिनींचे एक घर होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तिथे राहत. या बायकांची एवढी आस्था तुम्हाला का, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा एका भगिनीने कुठलाही सिद्धान्त सांगितला नाही. हाच चौथा अध्याय वाचून दाखवला. तो वाचल्यावर येशू हाच खरा तारणारा, स्त्रियांना उचलून उभे करू शकणारा, अशी आपली खात्री पटली, हे रमाबाईंनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. आयुष्यभर लोकांना पोथी ऐकवलेली बाई फुलमला श्रोती होऊन बसली. केडगावच्या मुक्तिसदनाला लागून त्यांनी पुढे अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढले, त्याचे मूळ त्या वाचनात आहे.

विहिरीवरच्या बाईलाही आणखी एक प्रश्न विचारायचा होता. आमच्या वाडवडिलांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही यरुशलेम म्हणता, खरे कुठले? वैयक्तिक विषय अडचणीचा झाला म्हणून तिने धर्मचर्चा काढली असे म्हणायची पद्धत आहे. ही तिच्यावर अन्यायाची टीका आहे. डोंगर आणि यरुशलेम यांच्या वादापायीच तर ती पाणी भरायची जागा आणि भांडी वेगळी झाली होती. तिने थेट मुळावर हात ठेवला. येशूचे उत्तर, ना हा डोंगर ना ते शहर, देवाला आत्म्याने आणि खरेपणाने भजणारे हवेत, हे आपल्या सीमाभागात परके वाटत नाही. बसवकल्याण इथून फार दूर नाही. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांच्या शरणांनी देवळापेक्षा देहाला मानले, आणि चर्मकार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचे लग्न लावले, त्याची जी किंमत मोजावी लागली ती इथल्या लोकस्मृतीत अजून आहे. देवाला जागेतून मोकळे केले की माणसे एका पंगतीला बसवावी लागतात. दोन्ही गोष्टींत हा धागा एकच आहे. फरकही आहे. शरणांचे कल्याण हे एक नगर होते, मंडप होता, सोबती होते. सूखारच्या बाईकडे एक अनोळखी दमलेला माणूस होता आणि त्याचा शब्द.

मग ती घागर तिथेच टाकून गावात पळते. ती गावकऱ्यांना काही शिकवत नाही. तुम्हीच येऊन बघा, म्हणते. शिवाय हा मसीहा तर नसेल, अशी शंकाही जोडते. खात्रीचा आव नसलेली ही साक्ष गावाला बाहेर काढते. आणि मग अध्यायातले ते वाक्य येते ज्यावर माझे मन नेहमी अडते. गावकरी तिला सांगतात, आता तुझ्या सांगण्यावरून आमचा विश्वास नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. वरवर पाहिले तर ही गावकीची कृतघ्नता आहे. जिने आणून पोहोचवले तिलाच बाजूला सारले. पण योहान याच क्षणाकडे सगळी गोष्ट आणत होता, असे मला वाटते. दुसऱ्याच्या सांगण्याने माणूस विहिरीपर्यंत येतो. पुढचे ऐकणे ज्याचे त्याला.

रमाबाईंनी या वाक्याची किंमत चांगलीच मोजली. ज्यांनी त्यांना येशूपर्यंत आणले त्या वाँटेजच्या भगिनींची, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांची, अपेक्षा अशी की रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे प्रमाण मानावे. रमाबाईंची 1885 मधली पत्रे वाचताना लक्षात येते की त्या नम्र आहेत, ऋण मान्य करतात, पण वाकत नाहीत. भटजींच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मान आता दुसऱ्या जोखडात देणार नाही, असा त्यांचा आशय आहे. इकडे महाराष्ट्राने त्यांना धर्म बुडवला म्हणून झोडपले, तिकडे इंग्लंडने हट्टी ठरवले. दोन्हीकडची तक्रार मुळात एकच होती: ही बाई आमच्या तोंडून ऐकत नाही.

आणि दुसऱ्यांनाही स्वतः ऐकता यावे म्हणून त्या उतारवयात ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. खेड्यातल्या, नुकत्या वाचायला लागलेल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरवले, केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातल्या बायकांनी त्याची छपाई केली, आणि ते पुरे होऊन 1924 साली बाहेर आले. तोवर रमाबाई नव्हत्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्या भाषांतराची मराठी मंडळ्यांत फारशी रुजवात झाली नाही, ते मुळाला नको तितके चिकटून राहते असे मलाही वाटते. पण अधल्यामधल्या पुजाऱ्यावाचून बाईला मजकूर भेटावा, ही त्यामागची जिद्द सूखारच्या गावकऱ्यांच्या जातीची आहे. याच काळात, 1912 च्या सुमारास, त्यांच्या पुढाकाराने निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, ख्रिस्ती हायस्कूल निघाले आणि मुलगी मनोरमाबाई तिथे मुख्याध्यापिका झाल्या. कन्नड, उर्दू, मराठी एकमेकांत मिसळणाऱ्या त्या शहरात मुलींना अक्षर देणे हे काम केडगावपेक्षा सोपे खासच नव्हते. कलबुर्गीच्या बाजूने ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. रमाबाई म्हटले की पुणे आणि केडगाव येथे आपण थांबतो.

आता एक राहिलेली गोष्ट. येशूने पाणी मागितले, पण ते त्याला मिळाले की नाही हे योहान लिहीत नाही. शिष्य जेवण घेऊन येतात, आग्रह करतात, तर तो तेही खात नाही. माझे अन्न निराळे आहे म्हणतो. सगळा अध्याय तहान-भुकेवर चालतो आणि एक घोट, एक घास कुठे दिसत नाही. शिष्य तर या सगळ्यात भलतेच गप्प आहेत. गुरुजी एका बाईशी बोलताहेत याचे त्यांना नवल वाटते, पण का म्हणून विचारायचे धाडस कोणी करत नाही. त्याच्यामागे चालणाऱ्यांपैकी कोणीही अजून नीट ऐकलेले नाही, असे योहान त्यांच्या गप्प राहण्यातून सुचवतो. गावकरी मात्र येशूला राहण्याचा आग्रह करतात, आणि तो दोन दिवस राहतो.

हे दोन दिवस योहान अर्ध्या वाक्यात उरकतो, पण त्यांत काय काय आले याचा विचार करायला हवा. शोमरोन्यांच्या घरी मुक्काम, त्यांच्या चुलीवरचे अन्न, त्यांच्या भांड्यातले पाणी. एकट्या येशूला नव्हे, सोबतच्या साऱ्या यहूदी शिष्यांना. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त हे दोन दिवस आपल्याला विस्ताराने वाचायला मिळतात, फक्त तिथे ते दोन दिवसांचे नसून वर्षांचे आहेत. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आधी दूर राहिल्या, मग त्यांच्याकडे परतल्या, तरी स्वयंपाक आणि सोवळे वेगळे ठेवून. त्यांना नवऱ्याच्या धर्माने आधी जिंकले नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नावर त्या एकट्याच विचार करत राहिल्या, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी चालेल या निर्णयाशी स्वतः येऊन पोहोचल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. टिळक आयुष्यभर ख्रिस्ताबद्दल बोलत होते. लक्ष्मीबाईंना मात्र तो आधी पाण्याच्या भांड्यात ऐकू आला. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे 64 अध्याय लिहून तडीस नेले.

सूखारातल्या त्या दोन दिवसांत पेत्राने कोणाच्या घागरीतून पाणी प्यायले असेल, पहिला घोट घशाखाली उतरायला त्याला किती वेळ लागला असेल, हे योहानाने लिहायला हवे होते असे मला राहून राहून वाटते. पुढे याच पेत्राला परक्यांच्या घरी जेवायला जाण्यासाठी याफोला दृष्टान्त पाहावा लागला, आणि अंत्युखियात तो परक्यांच्या पंगतीतून पुन्हा उठला म्हणून पौलाने त्याला सर्वांसमोर खडसावले. दोन दिवस शोमरोन्यांचे पाणी पिऊनही त्याचे ऐकणे पुरे व्हायला पुढली बरीच वर्षे लागली.