मूल्यभेद आणि कुंपण : व्हिडिओ गेमच्या देशपरत्वे किमतींची एक चिकित्सा

व्हिडिओ गेमसारख्या विषयाची दखल महाविद्यालयीन संशोधनपत्रिकेने घ्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मक्तेदारीतील मूल्यभेद हे जे प्रकरण आपण अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो, त्याचे इतके शुद्ध उदाहरण आज अन्यत्र सापडणे कठीण. एकच संगणकीय संचिका एकाच विक्रेत्याकडून अमेरिका, पोलंड, तुर्कस्तान आणि भारत येथील ग्राहकांकडे पोहोचते. मध्ये गोदाम नाही, आगबोट नाही, जकात नाका नाही. आणखी एक प्रत देण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य. आणि तरीही किंमत देशागणिक वेगळी.

याचे सर्वमान्य स्पष्टीकरण क्रयशक्तीचे आहे. गरीब देशातील ग्राहकाला श्रीमंत देशातील किंमत परवडत नाही, म्हणून उत्पादक तेथे किंमत कमी ठेवतो. त्यामुळे ग्राहकाला वस्तू मिळते आणि उत्पादकाला एरवी न मिळणारे उत्पन्न मिळते. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे असे नाही. ते अपुरे आहे. किंमत कमी ठेवण्याची इच्छा कोठून येते हे त्यातून कळते. ती कमी ठेवणे शक्य कशामुळे होते, हे कळत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात मूल्यभेदाच्या तीन श्रेणी सांगितल्या. त्यांतील तिसरी श्रेणी, म्हणजे ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी किंमत लावणे, ही येथे लागू पडते. अशा मूल्यभेदाला दोन गोष्टी लागतात. गटागटांतील मागणीची लवचिकता भिन्न असली पाहिजे, आणि स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात जाता कामा नये. आपली पाठ्यपुस्तके पहिल्या अटीवर आकृत्यांसह पाने खर्च करतात व दुसरी एका वाक्यात उरकतात. उदाहरण बहुधा डॉक्टरांचे असते. डॉक्टर गरीब रुग्णाकडून कमी फी घेतात, कारण त्या रुग्णाला आपली शस्त्रक्रिया दुसऱ्याला विकता येत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत ही अट निसर्गानेच पुरी केलेली असते. संगणकीय संचिकेच्या बाबतीत मात्र ती मुद्दाम पुरी करावी लागते. बाजारांमधील कुंपण कोणीतरी घालावे, राखावे आणि न्यायालयात त्याचे समर्थन करावे लागते. किमतींचा खरा इतिहास म्हणजे या कुंपणाचा इतिहास होय.

त्याआधी करांचा भाग बाजूला काढणे इष्ट. अमेरिकेत दुकानातील किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो, तर युरोपीय संघात छापील किमतीतच मूल्यवर्धित कर धरलेला असतो, आणि हंगेरीत तो २७ टक्के आहे. साठ डॉलर आणि साठ युरो यांची थेट तुलना करणारे बहुधा हे विसरतात. यंत्रांच्या बाबतीत कराचा बोजा फार मोठा असू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरना निघालेला सोनीचा प्लेस्टेशन ४ ब्राझीलमध्ये ३,९९९ रेआलना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,८०० डॉलरना विकला गेला. या किमतीचा सुमारे ६३ टक्के भाग करांचा असल्याचा खुलासा कंपनीने केला होता. पुढे २०१५ मध्ये ब्राझीलमध्येच उत्पादन सुरू झाल्यावर किंमत खाली आली. हा भाग स्पष्ट आहे; त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही.

क्रयशक्तीच्या सिद्धान्ताला खरी अडचण येते ती ऑस्ट्रेलियात. संगणकप्रणाली, संगीत, खेळ इत्यादींसाठी ऑस्ट्रेलियन ग्राहकाला अमेरिकन ग्राहकापेक्षा पुष्कळ अधिक मोजावे लागते, या तक्रारीची चौकशी तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीने केली आणि जुलै २०१३ मध्ये अहवाल सादर केला. अनेक वस्तूंना ५० ते १०० टक्के अधिक किंमत द्यावी लागते असे समितीला आढळले. तेथील वस्तू व सेवा कर केवळ १० टक्के. केवळ जाळ्यावरून उतरवून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंना दुकानाचे भाडे वा वाहतूक यांचे कारणही देता येत नव्हते. तेव्हा समितीने सरळच म्हटले की ही तफावत व्यवसायखर्चातून येत नाही, ती विक्रेत्यांच्या प्रादेशिक धोरणातून येते. गरिबाला सवलत देणारे तत्त्व आणि ऑस्ट्रेलियन ग्राहकाकडून जादा वसूल करणारे तत्त्व ही दोन तत्त्वे नव्हेत. कुंपण एकच, त्याच्या आत जो सापडेल त्याच्याकडून जितके मिळेल तितके घ्यावयाचे.

हे कुंपण आरंभी प्लास्टिकचे होते. खेळ तबकडीवर वा काडतुसात विकला जाई, आणि एका प्रदेशातील तबकडी दुसऱ्या प्रदेशातील यंत्रावर चालू नये अशी सांकेतिक योजना यंत्रातच असे. ती ओलांडण्याचे मार्ग निघाले, आणि त्यांवरून खटलेही झाले. सोनीचे हातातले यंत्र सप्टेंबर २००५ मध्ये युरोपात निघण्याआधीच हाँगकाँगच्या लिक-संग या विक्रेत्याने ते युरोपीय ग्राहकांना पाठविले; इंग्लंडच्या न्यायालयाचा निकाल सोनीच्या बाजूने लागल्यानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये ते दुकान बंद झाले. याउलट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये असे कुलूप उघडणारी चकती कायद्याने निषिद्ध उपकरण ठरत नाही असा निर्णय दिला, आणि २००६ च्या दुरुस्तीत केवळ प्रदेश वेगळे ठेवण्यासाठी असलेल्या कुलपांना कायद्याचे संरक्षण नाकारले गेले. हेच राष्ट्र पुढे २०१३ मध्ये चढ्या किमतींची चौकशी करीत होते, याचा अर्थ उघड आहे. दरम्यान कुंपण तबकडीतून निघून अन्यत्र गेले होते.

ते गेले ग्राहकाच्या खात्यात. व्हाल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या स्टीम या विक्रीमंचावर खेळ खात्याशी बांधलेला असतो, आणि ते खाते देशाशी. २००७ मध्ये थायलंडसारख्या देशांतून स्वस्तात आणलेल्या ‘द ऑरेंज बॉक्स’च्या प्रती कंपनीने दुरूनच बंद पाडल्या, तेव्हा पैसे देऊन घेतलेली वस्तू घरातच निकामी होऊ शकते हे प्रथमच ठळकपणे दिसले. युरोपात याच प्रथेवर कारवाई झाली. झेकिया, पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि तीन बाल्टिक राष्ट्रे येथे स्वस्तात विकलेल्या सुमारे १०० खेळांच्या किल्ल्या पश्चिम युरोपात चालू नयेत अशी व्यवस्था केल्याबद्दल युरोपीय आयोगाने २० जानेवारी २०२१ रोजी व्हाल्व्ह व पाच प्रकाशकांना एकूण ७८ लाख युरोंचा दंड केला. व्हाल्व्हने आपल्या बचावात प्रताधिकाराचा आधार घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय सर्वसाधारण न्यायालयाने तो फेटाळला. निर्णयाचा आशय असा की, प्रताधिकार धारकाला कृतीचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क देतो. शक्य तितका अधिक मोबदला मिळविण्यासाठी राष्ट्रीय बाजार एकमेकांपासून तोडण्याची हमी देत नाही.

निर्णय तत्त्वतः योग्य आहे. मात्र त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न उरतोच. कुंपण काढल्यास जर्मन ग्राहक पोलंडमधून खेळ घेईल; मग प्रकाशक जर्मनीतील किंमत कमी करणार नाही, पोलंडमधील वाढवील. हॅल व्हेरियन यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, मूल्यभेदाने एकूण कल्याण वाढावयाचे असेल तर एकूण विक्री वाढणे आवश्यक असते. गरीब देशातील नवा ग्राहक येथे ती अट बहुधा पुरी करतो. म्हणजे कुंपणाचा निषेध करणाऱ्याने हे मान्य केले पाहिजे की त्या कुंपणाच्या आश्रयानेच अनेकांना खेळ परवडत होता. कुंपणे पाडा म्हणजे न्याय होईल, हा आपल्याकडील काही लेखकांचा उत्साह म्हणूनच मला भाबडा वाटतो.

परंतु हा आश्रय किती भरवशाचा? अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांचा अनुभव याबाबतीत फार बोलका आहे. या दोन्ही देशांत स्टीमवरील किमती अनेक वर्षे जगात सर्वांत कमी किमतींत गणल्या जात. तो उत्पन्नाचा अभ्यास करून दिलेला दिलासा होता असे मानणे कठीण आहे. पेसो आणि लिरा घसरत होते, आणि प्रकाशकांनी पूर्वी केव्हातरी लिहिलेले आकडे तसेच राहिले होते. स्वस्ताई मुख्यतः या विसराळूपणातून आली होती. तुर्कस्तानातील महागाईचा वार्षिक दर ऑक्टोबर २०२२ मध्ये ८५ टक्क्यांच्या वर गेला, अर्जेंटिनातील २०२३ अखेर २११ टक्क्यांवर. इतर देशांतील खेळाडू आपले खाते तेथले असल्याचे भासवून खरेदी करू लागले. कंपनीने प्रथम २०२१ मध्ये देश बदलण्यावर तीन महिन्यांतून एकदाच अशी मर्यादा घातली, ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकाशकांना सुचविलेल्या किमती या दोन देशांसाठी कित्येक पटींनी वाढविल्या, आणि अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून तेथील चलनात विक्रीच थांबवून डॉलरमध्ये किमती लावल्या. विनिमयदराच्या अस्थिरतेमुळे किमती अद्ययावत ठेवणे अवघड जाते, हे कंपनीचे कारण खोटे नव्हते. परंतु परिणाम काय झाला? अनेक खेळांच्या स्थानिक किमती एका रात्रीत कित्येक पटींनी वाढल्या. बाहेरून येऊन स्वस्तात खरेदी करणारा ग्राहक आपल्या मूळ देशात परत गेला. ब्वेनोस आइरेस वा अंकारा येथील विद्यार्थ्याला परत जाण्यास दुसरा देश नव्हता. त्याचे उत्पन्न त्या रात्री वाढले नव्हते. क्रयशक्तीचा सिद्धान्त खरा असता, तर सर्वांत कमी किंमत नेमकी याच काळात असावयास हवी होती.

याच वेळी निर्माण केलेले नवे प्रादेशिक गट पाहण्यासारखे आहेत. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका यांच्या एका डॉलर-गटात तुर्कस्तानबरोबर ओमान आहे आणि येमेनही. ओमान आणि येमेन येथील दरडोई उत्पन्नात काय साम्य आहे, हे सांगणे अवघड. साम्य आहे ते एवढेच की या देशांच्या चलनात किमती ठेवणे विक्रेत्याला सोयीचे वाटत नाही.

आपल्या वाचकांना हा सर्व प्रकार दूरचा वाटू नये. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी असा शिक्का असलेल्या, पातळ कागदावरच्या स्वस्त आवृत्त्यांवर झाले आहे. तोही मूल्यभेदच, कुंपण होते कागदाच्या प्रतीचे आणि त्या शिक्क्याचे. थायलंडमधील स्वस्त पाठ्यपुस्तके अमेरिकेत आणून विकणाऱ्या एका विद्यार्थ्याविरुद्ध जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने लावलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला : परदेशात कायदेशीरपणे छापलेली प्रत एकदा विकली गेली की तिच्यावरील प्रकाशकाचा ताबा संपतो. आपल्याकडे २०१० च्या प्रताधिकार दुरुस्ती विधेयकात समांतर आयातीला मोकळीक देणारी तरतूद होती. २०१२ च्या कायद्यात ती गळाली. परंतु निर्णय कसाही लागो, पुस्तकाच्या बाबतीत प्रत ही वस्तू होती. ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येई, धाकट्या भावाला देता येई. खेळाचा ग्राहक मात्र केवळ परवाना विकत घेतो. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये संगणकप्रणालीच्या वापरलेल्या परवान्यांच्या पुनर्विक्रीस मान्यता दिली होती, आणि त्या आधारावर पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरील खेळांनाही ती लागू केली. परंतु अपिलात २०२२ मध्ये तो निर्णय उलटला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च फ्रेंच न्यायालयानेही अपिलाचाच निर्णय कायम ठेवला. मूल्यभेदावर ग्राहकाच्या हाती असलेला एकमेव अंकुश म्हणजे पुनर्विक्री, आणि तोच येथे नाही. पिगूंची दुसरी अट आता बाजारातील परिस्थिती राहिली नसून करारातील एक कलम झाली आहे.

कुंपणाचे सर्वांत ताजे रूप भाषेचे आहे. निन्टेंडोने जून २०२५ मध्ये स्विच २ हे यंत्र अमेरिकेत ४४९.९९ डॉलरना काढले. जपानमध्ये त्याच्या दोन किमती होत्या : सर्व भाषा असलेले ६९,९८० येन आणि केवळ जपानी भाषेत चालणारे, जपानी खात्यालाच जोडता येणारे ४९,९८० येन. पहिली किंमत तेव्हाच्या विनिमयदराने अमेरिकेतील किमतीच्या आसपास येते. दुसरी तिच्याहून खूप कमी. येन दुर्बल झालेला असताना स्वदेशी ग्राहकाला सांभाळावयाचे आणि परदेशी पर्यटकाने पेट्या भरून यंत्रे नेऊ नयेत हेही पाहावयाचे, तर जपानी लिपीइतके स्वस्त आणि मजबूत कुंपण दुसरे कोणते? भारतीय ग्राहकाजवळ असे कुंपण नाही. त्याला रुपयांत मिळणारा खेळ तोच इंग्रजी खेळ आहे जो लंडनमध्ये चालतो, त्यामुळे येथील कमी किंमत केवळ खात्याच्या पत्त्यावर आणि कार्डाच्या देशावर उभी आहे. मराठीत वा तमिळमध्ये निघालेल्या खेळाची किंमत विक्रेत्याला निर्धास्तपणे कमी ठेवता आली असती. परंतु असे खेळ जवळजवळ निघतच नाहीत, आणि न निघण्याची जी कारणे सांगितली जातात त्यांत येथील किंमत कमी असते हे एक प्रमुख कारण असते.