महिकावतीच्या बखरींतील कुळें आणि नात्यांचा उलगडा

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापून प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोंकणाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. डहाणू, तारापूर, बोईसर, पालघर व केळवें-माहीम या टापूंतील जुन्या घराण्यांची माहिती मिळवूं गेलें असतां या बखरीचा आधार पुष्कळदां पुढें केला जातो, आणि आजचें घर तींतील एखाद्या कुळाशीं थेट जोडून दाखविलें जातें. असें नातें बखरीवरून सिद्ध होतें काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारांत घेतों.

बखरीच्या कथनाप्रमाणें शके १०६० त, म्हणजे इ. स. ११३८ त, प्रताप बिंब कोंकणांत उतरला व त्याच्याबरोबर ६६ कुळें आलीं. त्यांत सोमवंशी २७, सूर्यवंशी १२ व शेषवंशी ९ अशी गणना दिली आहे. परंतु हा ग्रंथ एका हातचा नाहीं, हें राजवाड्यांनींच दाखवून दिलें. त्यांतील जुना भाग केशवाचार्याचा असून तो शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ चा आहे. घटना आणि लेखन यांत ३१० वर्षांचें अंतर पडलें. शिवाय हें लेखन सहज झालेलें नाहीं. हिंदु राज्य गेल्यावर लोक आपलीं कुळें, गोत्रें व आचार विसरत चालले, म्हणून मालाडच्या नायकोराव देसल्यानें पुढाकार घेतला आणि महाराष्ट्रधर्म राखण्याच्या हेतूनें हा वृत्तान्त सिद्ध झाला, असें बखरच सांगते. तेव्हां आमच्या मतें कुळांची ही यादी ११३८ ची हजेरीपत्रिका नव्हे. कोण कोणाचा, याविषयीं १४४८ च्या लोकांनीं केलेला तो निर्णय आहे. या दृष्टीनें तिचें मोल कमी होत नाहीं. मात्र पुरावा कशाचा, हें बदलतें.

दुसरी कसोटी साध्या गणिताची. ११३८ पासून बखर छापली गेली त्या १९२४ पर्यंत ७८६ वर्षें होतात. पिढीस २५ ते ३० वर्षें धरलीं तर २६ ते ३१ पिढ्या भरल्या पाहिजेत. मूळ पुरुषापासून पणजोबांपर्यंत दहा-बारा नांवांत पोहोंचणारी वंशावळ खोटीच असेल असें नाहीं. पण मधलीं नांवें गळालीं आहेत, हें निश्चित. जेथें दुवा तुटला तेथें रेघ ओढूं नये, जागा मोकळी सोडावी.

तिसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. कूळ एक असणें व नातें ठाऊक असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. आपल्या भाषेंत चुलत, आते, मामे आणि मावस असे चार निरनिराळे भाऊ आहेत. त्यांपैकीं चुलतभाऊ तेवढा आपल्या कुळांतला. बाकीचे तिघे सामान्यतः परकुळांतले, म्हणून पुरुषांच्या वंशावळींत ते मुळींच दिसत नाहींत. दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांस दिल्या असल्या तर त्यांचीं मुलें एकमेकांस चुलतही होतात व मावसही. वंशावळ अर्धेंच नातें सांगते. भाऊबंद कळतात, सोयरे लुप्त होतात. वतनाच्या तंट्यांत पाठीशीं कोण उभें राहिलें, हें मात्र पुष्कळदां सोयरिकीवरूनच उलगडतें.

नातेवाचक शब्दांनींही घोटाळा होतो. सून सासूस आत्याबाई व सासऱ्यास मामंजी म्हणे. आते-मामे भावंडांच्या विवाहाची जुनी चाल या शब्दांत टिकून राहिली आहे. पण एखाद्या पत्रांतील ‘मामंजी’ वरून ती व्यक्ति खरोखर मामा होती, असें ठरत नाहीं. व्यक्तिनामांचेंही तेंच. १७३९ च्या जानेवारींत तारापूरचा किल्ला घेणारे चिमाजीअप्पा हे बाजीरावांचे धाकटे बंधु. त्यांचे पुत्र सदाशिवराव सर्वांच्या तोंडीं ‘भाऊ’ झाले. नानासाहेबांचे ते चुलत बंधु, तर विश्वासरावांचे चुलत चुलते. पेशव्यांचें घराणें ज्ञात म्हणून येथें कोणी चुकत नाहीं. परंतु अज्ञात घराण्याच्या दप्तरांत ‘अप्पा’, ‘भाऊ’, ‘नाना’ आढळले कीं त्यांस बाप, बंधु किंवा आजा ठरविण्याचा मोह अनावर होतो.

तस्मात् संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, वंशावळ उतरून घेतांना सांगणाऱ्याचें नांव, तो कोणत्या शाखेचा, व उतरल्याची तारीख ही तिच्यावरच नोंदावी. प्रत्येक स्त्रीचें माहेरचें व सासरचें नांव, आणि माहेरचें गांव, विचारून लिहावें. दत्तक असल्यास जनक व दत्तक असे दोन्ही पिते दाखवावे. ऐकीव आणि लेखी यांस निरनिराळी खूण करावी. हीं माहिती ज्या वृद्ध स्त्रियांस मुखोद्गत असते त्यांस विचारण्याची पाळी बहुधा शेवटीं येते, व तोंवर वेळ टळलेली असते. बखरीचा कागद राजवाड्यांनीं वांचविला. हा दुसरा कागद अद्याप लिहिलाच गेलेला नाहीं.